सागवानी झोपाळ्याला कोणतं तेल लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या घरी पडवीत आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे. घरात एक शिसवी आरामखुर्ची आहे आणि फणसाच्या लाकडाचे चार पाट. झोपाळ्यावर दर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. आजी खोबरेल चोळायची, गावचा सुतार करंजेल लावा म्हणतो, इंटरनेटवर ऑलिव्ह तेलात व्हिनेगर घालून लावायला सांगतात आणि रंगाच्या दुकानदाराने डबल बॉइल्ड लिनसीडचा डबा हातात ठेवलाय. पॉलिशची चकाकी नको, रसायनं नकोत, लाकूड हाताला लाकूडच लागलं पाहिजे. मग यातलं कोणतं तेल, किती आणि कसं लावायचं?

मी तीसहून जास्त वर्षं जुनं लाकूडसामान दुरुस्त करतोय. माझ्याकडे येणाऱ्या दर चार वस्तूंतली एक तरी घरच्यांनी प्रेमाने चोळलेल्या चुकीच्या तेलाने चिकट आणि काळी झालेली असते. म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. तिन्ही वस्तूंना एकच तेल चालणार नाही. झोपाळ्याला बेलतेल लावा, म्हणजे दुकानदाराने दिलेलं, उकळलेलं जवसाचं तेलच. पाटांना घाण्यावरचं, खायचं जवसाचं तेल लावा. आणि शिसवी खुर्चीला तेल लावूच नका. आता कारणं.

वनस्पतींची तेलं दोन जातींची असतात. एक सुकणारी, दुसरी न सुकणारी. सुकणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नव्हे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट, लवचीक पापुद्रा बनतो. काही उडून जाण्याऐवजी त्याचं वजन उलट वाढतं. लाकडात मुरलेलं तेल असं आतल्या आत घट्ट झालं की ते परत बाहेर येत नाही, हाताला लागत नाही, कपड्याला डाग पाडत नाही. खोबरेल मात्र लाकडात वीस वर्षांनीही तेलच राहतं.

हा फरक मोजायला तेलाचं आयोडीन मूल्य बघतात. मूल्य जितकं जास्त तितकं तेल सुकायला तयार. जवसाचं साधारण 170 ते 200 असतं, करडईचं 140 च्या आसपास, सूर्यफुलाचं 120 ते 140, शेंगदाण्याचं 85 ते 105 आणि खोबरेलाचं जेमतेम दहाच्या घरात. ढोबळमानाने 130 च्या वरचं तेल सुकण्याच्या लायकीचं समजायचं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली बहुतेक तेलं लाकडाच्या दृष्टीने बाद.

हे आकडे मला फार उशिरा कळले. त्याआधी मी काचेवर शिकलो. खिडकीची एक जुनी काच घेतली, तिच्यावर जवस, करडई, सूर्यफूल, तीळ, शेंगदाणा, एरंडेल, करंजेल आणि खोबरेल यांचं एकेक बोट पातळ फिरवलं आणि काच कारखान्यातल्या फळीवर ठेवून दिली. कच्चं जवस आठवड्याभरात बोटाला लागेनासं झालं. करडईला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागला. सूर्यफूल आणि तीळ कधी सुकले नाहीत, फक्त डिंकासारखे चिकट झाले आणि त्यांवर लाकडाचा भुसा बसला. बाकीची चार तेलं महिन्याने पुसली तरी तेलच होती. तुमच्या हातात कोणतंही तेल आलं की आधी ही काचेची परीक्षा घ्या. बाजारात बेलतेलाच्या नावाखाली खनिज तेल मिसळलेला माल मिळतो, एकदा मी स्वतः असा पाच लिटरचा डबा आणून बसलो होतो. चांगलं बेलतेल कोरड्या हवेत काचेवर एका दिवसात धरतं. तीन दिवसांनीही ओलंच राहिलं तर डबा परत करा.

आता तुमच्याकडची एकेक शिफारस बघू.

आजीचं खोबरेल. लावल्याबरोबर साग मधासारखा उजळतो, त्यामुळे खूप बरं वाटतं. पण ते तिथेच बसून राहतं. धूळ धरतं, हळूहळू खवट होतं, आणि कोकणातल्या जुलैच्या ओलाव्यात बुरशीला ते आयतं खाणं. झोपाळ्यावर दरवर्षी येणाऱ्या पांढऱ्या बुरशीचं मोठं कारण मला हेच दिसतं. घाटावर आणखी एक गंमत होते. पुण्यातल्या थंडीत खोबरेल थिजतं आणि लाकडाच्या शिरांमध्ये पांढऱ्या रेघा उमटतात. लोक ती वाळवी समजून घाबरून फोन करतात. आजीचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. ती रोज झोपाळा पुसत होती, आठवड्याला थेंबभर तेल हातावर घेऊन फिरवत होती. तेवढ्याने लाकूड टिकतं ते रोजच्या पुसण्यामुळे. आपण वर्षातून एकदा वाटीभर ओततो.

करंजेल आणि कडुनिंबाचं तेल. कीटकांना त्यांचा वास आणि कडवटपणा आवडत नाही हे खरं, शेतात त्यांचा उपयोग होतोच. पण ही तेलं सुकत नाहीत, वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि कीड दूर ठेवणारी द्रव्यं उन्हा-हवेत लवकर निकामी होतात. गोठ्याच्या मेढीला, शेतातल्या औताला लावायला हरकत नाही. ज्या झोपाळ्यावर पांढरं धोतर किंवा नवी साडी नेसून कोणी बसणार, त्याला नको.

ऑलिव्ह आणि व्हिनेगर. ऑलिव्हचं तेलही न सुकणाऱ्या जातीचं, खोबरेलाचेच सगळे दोष त्यात आहेत. व्हिनेगर वरचा मळ थोडा काढतं म्हणून पहिल्या दिवशी वस्तू चकचकीत दिसते. त्यापुढे त्यात काही नाही.

कोकणात आणखी एक तेल आहे, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण गावात कोणीतरी सुचवेलच. काजूच्या टरफलांचं तेल. काजू पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात आला आणि त्याचं हे काळं, दाट तेल कोकणातल्या लोकांनी वाशांना, खांबांच्या बुडांना, होड्यांना लावायला सुरुवात केली. ते सुकतं, आणि वाळवी-भुंगेऱ्यांना आवरण्यात माझ्या पाहण्यात कुठलंही दुसरं वनस्पती तेल त्याच्या जवळ येत नाही. पण काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. बिब्बा उतला की अंगाचं काय होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. काजूचं तेल कातडीवर पडलं की फोड येतात आणि ते लाकूड तापवून घासायला गेलात तर त्याचा धूर डोळ्यांत, घशात जातो. माळ्यावरच्या वाशांना, जमिनीत जाणाऱ्या खांबांना जरूर लावा, हातमोजे घालून, अंगभर कपडे घालून. माणसाच्या अंगाला लागणाऱ्या फर्निचरला कधीही नाही.

राहिलं जवस. विदर्भातल्या माणसाला जवस म्हटलं की आधी चटणी आठवते, पण भाताच्या बांध्यांत भात उभा असतानाच पेरलेलं हे पीक शतकानुशतकं चित्रकारांच्या आणि सुतारांच्या कामाचं राहिलंय. क्रिकेट खेळलेल्यांच्या हातून तर ते गेलेलंच असेल. नवी इंग्लिश विलोची बॅट आणली की तिला आधी कच्चं जवस तेल पातळ चोळायचं, बॅट आडवी ठेवायची, आणि सुकल्यावरच बॉल लावायचा. बॅटला चमचाभराहून जास्त तेल पाजलं की ती जड होते, हे तेव्हा कळलेलं असतं. फर्निचरचंही अगदी तेच आहे.

कच्चं तेल आणि बेलतेल यांतला फरक समजून घ्या. बेलतेल म्हणजे रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड. ते तापवून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे आठवड्याचं काम दिवसावर येतं. पूर्वी यासाठी मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, वापरत. म्हणून आजोबांच्या काळचा उरलेला एखादा डबा माळ्यावर सापडला तर तो वापरू नका. भारतीय मानकांमध्ये कच्च्या तेलाला आयएस 75 आणि उकळलेल्या तेलाला आयएस 77 हे क्रमांक आहेत, डब्यावर ते आहेत का बघा. तुम्ही लिहिलंय की रसायनं नकोत. बेलतेलातले हे क्षार अगदी थोडे असतात, आणि पूर्ण सुकलेल्या झोपाळ्यावर बसायला, मुलांनी खेळायला मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना ते लावू नये. तुमचा आग्रह असेलच तर झोपाळाही कच्च्या तेलाने होईल, फक्त दर हातामागे आठवडाभर थांबायची तयारी ठेवा.

दुकानात टीक ऑइल आणि डॅनिश ऑइल या नावांनी बाटल्या मिळतात. टीक ऑइल सागापासून काढलेलं नसतं. ही दोन्ही बहुतेक वेळा तेल, व्हार्निश आणि थिनर यांची मिश्रणं असतात. वाईट नसतात, पण शुद्ध वनस्पती तेल म्हणून जास्त पैसे मोजू नका. चीनमधल्या झाडाच्या बियांपासून निघणारं टंग तेल मात्र खरंच उत्तम असतं. जवसापेक्षा पाणी चांगलं झटकतं, पिवळं कमी पडतं. शुद्ध मिळालं तर घ्या. बाटलीवर टंग ऑइल फिनिश लिहिलं असेल तर आत बरंच काही दुसरं असतं.

आता झोपाळ्याचं काम. हे डिसेंबर ते एप्रिलच्या मधे काढा. पावसात तेल सुकत नाही, आणि सुकण्याच्या आधी बुरशी येते. पावसाळ्यात पडवीला झापं बांधण्याआधी तेल पूर्ण घट्ट होऊन महिना तरी झालेला असावा.

झोपाळ्यावर आधी काही चढवलेलं आहे का हे तपासा. फळ्याच्या खालच्या बाजूला कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. पृष्ठभाग मऊ होऊन चिकटला तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी हललं नाही तर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा कडक लेप, आणि मग ते खरवडून काढल्याशिवाय तेलाचा उपयोग नाही, कारण तेल मुरायला लाकूड उघडं लागतं.

तुमच्या झोपाळ्यावर मला वर्षानुवर्षांचं खोबरेल आणि मळ असणार असं वाटतं. साखळ्या आणि कड्या काढून ठेवा. मिनरल टर्पेंटाइन, ज्याला दुकानदार एमटीओ म्हणतो, ते घेऊन हिरव्या नायलॉनच्या घासणीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा आणि लगेच जुन्या सुती कापडाने पुसा. फडकं पिवळं-तपकिरी निघेल. ते स्वच्छ निघेपर्यंत करा, चार-पाच वेळा लागेल. सोड्याच्या पाण्याने धुऊ नका, सागात तो काळपट डाग पाडतो. लोखंडी काथ्याही वापरू नका. त्याचे बारीक तुकडे रेषांत अडकतात आणि पहिल्याच दमट दिवशी काळे ठिपके उठतात. कड्यांच्या भोवती असे काळे डाग आधीच असतील तर ते लोखंडाचे आहेत. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घालून तेवढ्याच भागावर लावा, अर्ध्या तासाने साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, आणि नीट धुतल्याशिवाय त्यावर पॉलिशपेपर फिरवू नका, ती धूळ नाकात जाते.

लाकूड दोन दिवस सावलीत वाळू द्या. मग 120 नंबरचा पॉलिशपेपर, नंतर 180, शेवटी 220. त्याच्या पुढे जाऊ नका, फार गुळगुळीत केलेल्या लाकडात तेल आत शिरत नाही. आणि माझी विनंती आहे की 80 नंबरचा पेपर किंवा मशीन लावून तो नव्यासारखा पिवळा करू नका. पन्नास-साठ वर्षांत बसणाऱ्यांच्या हातांनी, पायांनी सागाला जो तांबूस रंग आलाय, जी कड गोल झालीय, ती परत आणता येत नाही. मळ काढा, रंग ठेवा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक देव्हारा असाच तासून टाकला होता. मालकांनी काही म्हटलं नाही, पण त्यांच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

तेल लावायच्या आधी अर्धा तास थिनरच्या बोळ्याने साग पुन्हा एकदा पुसून घ्या. सागात स्वतःचंच तेलकट द्रव्य असतं. तेच त्याला वाळवीपासून वाचवतं आणि तेच आपलं तेल सुकायला अडवतं. पुसल्याने पृष्ठभागावरचं तेवढं निघून जातं.

पहिला हात अर्धं बेलतेल आणि अर्धं टर्पेंटाइन असा पातळ करून द्या. चिडाच्या डिंकापासून काढलेलं खरं टर्पेंटाइन मिळालं तर फार चांगलं, त्याला पाइनचा वास येतो. नाहीतर एमटीओ चालेल. कापडाने किंवा ब्रशने सढळ हाताने लावा, फळ्याच्या दोन्ही बाजूंना, कडांना, आणि टोकांना तर दोनदा, कारण आडवं कापलेलं लाकूड सगळ्यात जास्त तेल पितं. सहा फूट बाय दोन फुटांच्या फळ्याला दोन्ही बाजू मिळून पहिल्या हाताला दीड-दोनशे मिलिलिटर मिश्रण पुरतं. तिन्ही हात मिळून अर्धा लिटर तेल लागलं तर खूप झालं. वीस मिनिटं थांबा. जिथे कोरडं दिसतं तिथे आणखी द्या.

आणि मग पुसा. सगळं पुसा. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. लाकडावर तेलाचा ओला थर ठेवला की जास्त संरक्षण मिळेल असं वाटतं, आणि तोच थर वर साय धरून खाली ओला राहतो. मग तो महिनाभर चिकटतो, त्यात धूळ, डास आणि कपड्यांचे धागे अडकतात. आपल्याला तेल लाकडाच्या आत हवं आहे, वर अजिबात नको. तळहात फिरवल्यावर हाताला काही लागलं नाही पाहिजे इतकं कोरड्या कापडाने पुसायचं. तासाभराने परत या. रेषांमधून तेलाचे बारीक थेंब वर आलेले दिसतील, ते पुन्हा पुसा. याच कारणासाठी फळा उन्हात ठेवायचा नाही. लाकूड तापलं की तेल भराभर वर येतं आणि तिथेच चकचकीत टिपक्यांसारखं घट्ट होतं.

दुसऱ्या दिवशी, किंवा दमट असेल तर तिसऱ्या दिवशी, न मिसळता दुसरा हात द्या. तसाच वीस मिनिटं, तशीच पुसापुशी. तिसरा हात मला फार आवडतो. तेल लावून त्यातच 400 नंबरचा वॉटरपेपर हलक्या हाताने फिरवायचा. लाकडाचा पिठासारखा बारीक भुसा तेलात कालवून सागाच्या उघड्या रेषांत जाऊन बसतो आणि पृष्ठभाग असा होतो की हात फिरवतच राहावंसं वाटतं. हेही पुसायचंच, पण आडवं पुसा, म्हणजे भरलेल्या रेषा रिकाम्या होणार नाहीत. मग महिनाभर झोपाळा वापरू नका. हाताला कोरडा लागतो म्हणजे आतून तयार झालाय असं नाही. वास पूर्ण गेला की तयार झाला समजा.

महिन्याभरानंतर वर मेणाचा एक हात द्या. एक भाग मधमाशीचं मेण आणि वजनाने चार भाग कच्चं जवस तेल गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर कधी नाही. थंड झाल्यावर मलमासारखं होतं. बोटभर घेऊन चोळा, अर्ध्या तासाने घासून हलकी झळाळी आणा.

आता चिंध्यांबद्दल. हा परिच्छेद सोडून पुढे जाऊ नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. सपाट पसरलेल्या कापडातून ती हवेत निघून जाते. पण तेच कापड चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकलं की उष्णता आत साठत जाते आणि काही तासांत, काडी न लावता, कापड पेट घेतं. माझ्या कारखान्यात एका मार्च महिन्यात दुपारी जेवायला गेलो असताना प्लॅस्टिकच्या बादलीत टाकलेल्या चिंध्या अशा तापल्या. परत आलो तेव्हा करपल्याचा वास होता, बादलीतून धूर निघत होता, आणि बादली एका बाजूने वितळली होती. शेजारी भुशाची पोती होती. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी आज हे लिहीत नसतो असं नाही, पण कारखाना नक्की राहिला नसता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीत 23 फेब्रुवारी 1991 च्या रात्री आग लागली. सुरुवात बाविसाव्या मजल्यावर, लाकडी पॅनेलिंगच्या कामानंतर राहिलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांपासून झाली होती. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. तेव्हा प्रत्येक फडकं काम संपताक्षणी पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा, किंवा अंगणात दोरीवर एकेक मोकळं वाळत घाला. दोन दिवसांनी पुठ्ठ्यासारखं कडक झालं की मगच टाका. घरात मदतीला येणाऱ्या माणसांनाही हे सांगून ठेवा, कारण चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवण्याचं काम बहुतेक वेळा तेच करतात.

शिसवी खुर्चीकडे येतो. शिसवाच्या लाकडात अशी द्रव्यं असतात की ती तेलाचं ऑक्सिजन ओढणंच थोपवतात. मी एका खुर्चीला बेलतेल दिलं होतं, ती सहा आठवड्यांनीही हाताला चिकटत होती. शेवटी टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं. तिला लाखेचं हलकं पॉलिश द्या. लाख किड्यापासून येते, पळस, बोर, कुसुंबाच्या झाडांवर वाढते, म्हणजे निसर्गातलीच आहे. लिटरभर स्पिरिटमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम लाखदाणा रात्रभर भिजवा, गाळा, आणि सुती बोळ्याने तीन-चार पातळ हात द्या. दोन हातांच्या मधे तासभर. चकाकी नको असेल तर शेवटी 400 चा पेपर अगदी हलका फिरवून मेण लावा. ओला पेला ठेवला तर लाखेवर पांढरं वर्तुळ उमटतं, तेवढं सांभाळा.

पाटांना काही अवघड नाही. घाण्याचं जवस तेल, पातळ, दोन हात, मधे आठवडा. रिफाइंड तेल घेऊ नका, टिकवण्यासाठी त्यात जे घातलेलं असतं त्याने ते सुकायला फार वेळ लागतो. पोळपाट, लाटणं, काथवट यांनाही हेच चालेल, पण फार वापरात असलेल्या पोळपाटाला खरंतर काहीच लागत नाही. धुऊन उभा वाळवला की पुरे. फणस, रबरवुड अशी पिवळी किंवा फिकी लाकडं जवसाने काळोखात आणखी पिवळी पडतात, उजेडात ठेवली की थोडी परत येतात. तुमच्या पाटांना ते शोभेलच.

कपाटाच्या आत आणि खणांच्या आत तेल लावू नका. आत हवा खेळत नाही, त्यामुळे तेल सुकत नाही आणि कपड्यांना कायमचा वास लागतो. आत नुसतं मेण पुरे.

तेलाकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात निराशा होणार नाही. तेल सांडलेलं पाणी थोडा वेळ रोखतं, मळ आत जाऊ देत नाही, लाकूड कोरडं पडून तडकण्याचा वेग कमी करतं. हवेतली वाफ मात्र ते जवळजवळ अडवत नाही. अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने वेगवेगळ्या लेपांच्या केलेल्या चाचण्यांतही जवस तेल याबाबतीत फार मागे पडलं होतं. म्हणजे जुलैमध्ये फळा थोडा फुगणारच, खण घट्ट होणारच. बुरशी खूप कमी होईल, पण पडवीत झड येत असेल तर एखाद-दुसरा पांढरा ठिपका दिसेल, कारण सुकलेलं जवस तेलही बुरशीला थोडं आवडतंच. स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. जमलं तर आषाढ-श्रावणात फळा काढून माजघरात उभा करून ठेवा, पूर्वी बरीच घरं हेच करायची.

वाळवी आणि भुंगेऱ्यांवर जवसाचा भरवसा ठेवू नका. सागाच्या आतल्या लाकडाला सहसा काही होत नाही, पण कडेला फिकट पट्टा असेल, झाडाच्या सालीजवळचा, तर तिथे भुंगेरे लागतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. तसं दिसलं तर तेलाच्या आधी, उघड्या लाकडावर, टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन वेळा लावा आणि आठवडाभर वाळू द्या. एकदा तेल मुरलं की हे पाणी आत जाणार नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

कड्या परत बसवताना लोखंडी भाग असेल तर लाकूड आणि लोखंडाच्या मधे मेणाचा जाड बोळा भरा, नाहीतर काळे डाग पुन्हा येतील. पितळी कड्यांच्या खिळ्यांना, जिथे त्या घासतात तिथे, आजीचं खोबरेल जरूर घाला. करकर थांबवायला ते उत्तम आहे.

दरवर्षी तेल द्यायचंच असंही काही नाही. दिवाळीची साफसफाई झाली की फळ्यावर जिथे सगळे बसतात तिथे पाण्याचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटं बघा. थेंब पसरून लाकूड गडद झालं तर पॉलिशपेपरचा हलका हात मारून तेलाचा एक हात द्या, नेहमीसारखा पुसून. थेंब गोळा होऊन तसाच राहिला तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या, आणि डबा पुढच्या वर्षीपर्यंत उघडू नका.